चाळीस अंड्यांची जाहीर परीक्षा

"मोठ्या बाई, आपल्या कॅन्टीनमधल्या उकडलेल्या अंड्याचा बलक हिरवा का असतो?"

सहाशे मुलं, बावीस शिक्षक आणि शिपाईकाका एका दमात गप्प झाले. हॉलमधलं घड्याळ सहामाहीपासून बंदच होतं, पण त्या क्षणी तेसुद्धा जरा जास्तच बंद पडल्यासारखं वाटलं.

दर शनिवारी प्रार्थना झाली की त्या शाळेत 'प्रश्नांची पाच मिनिटं' असत. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, स्टेजवर उभ्या राहून म्हणत, "विचारा, मुलांनो, मोकळेपणाने विचारा." मग एक मूल मोकळेपणाने उभं राही आणि वर्गशिक्षिकेने आदल्या दिवशी लिहून दिलेला प्रश्न विचारी. वेळेचं महत्त्व काय, वाचनाचे फायदे कोणते, असले प्रश्न. मोठ्या बाई साडेचार मिनिटं उत्तर देत, उरलेल्या अर्ध्या मिनिटात टाळ्या होत. अकरा वर्षं हे सुरळीत चाललं होतं. अकरा वर्षांत अंडं कधी आलं नव्हतं.

आणि ते आणलं कोणी, तर पुटपुटने. पुटपुट हे काही खरं नाव नव्हे. पण गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी स्वतःच्या कॉलरशीच बोलायची, त्यामुळे हजेरीपुस्तक सोडून सगळीकडे तेच चालायचं. मग एका वक्तृत्व स्पर्धेत एका मुलीला ताप आला, ऐनवेळी हिला ढकललं गेलं आणि माइकवाल्याने चुकून आवाज पूर्ण वाढवून ठेवला. पुटपुटने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकला आणि तो तिला फार आवडला. तेव्हापासून ती थांबायचं नावच घेत नव्हती. तिच्या दोन मैत्रिणी, लंबू आणि वकील, यांनी शुक्रवारी कॅन्टीनच्या बाकावर तिच्यासमोर अंडं फोडून धरलं होतं. बलकाभोवती जुन्या पाण्याच्या टाकीसारखा हिरवट-करडा पट्टा.

"हे विचार उद्या," वकील म्हणाली. "वेळेचं महत्त्व सगळेच विचारतात."

"नाही विचारणार ती," लंबू म्हणाली. "आवाज मोठा झालाय, काळीज तेवढंच आहे."

हे वाक्य जिव्हारी लागायला पुरेसं होतं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हॉलच्या मागच्या दारात कॅन्टीनच्या मावशी हातात फडकं घेऊन उभ्या होत्या. सगळ्या मुंड्या त्यांच्याकडे वळल्या, तशी त्यांनी उगाचच दाराची कडी पुसायला घेतली.

"अंडं उकडणं तुला सोपं वाटतं का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

इथे पुटपुट "नाही बाई" म्हणून खाली बसली असती तर ही गोष्टच झाली नसती. पण समोर माइक होता.

"हो बाई. त्यात काय आहे? चाळीस अंडी मी अर्ध्या तासात करून दाखवीन. बलक पिवळाधमक आणि टरफल एका ओढीत."

"छान. मग पुढच्या शनिवारी, मधल्या सुट्टीत, याच स्टेजवर. उकडायची शाळेतच, कारण मला तुझ्या आईची परीक्षा घ्यायची नाही. जमलं तर शाळा तुझं ऐकेल. नाही जमलं तर तू इथेच उभी राहून मावशींची माफी मागायची. सगळ्यांसमोर."

टाळ्या झाल्या. पुटपुट खाली बसली आणि तिच्या लक्षात आलं, की आपण आजवर अंडं फक्त खाल्लेलं आहे.

*

घरी बातमी फुटली तेव्हा आईने कपाळाला हात लावला आणि बाबांचा चेहरा असा उजळला, की जणू पोरीला परदेशी शिष्यवृत्ती मिळाली.

त्याला कारण होतं. बाबा विमा कंपनीत. वीस वर्षांत एकही रजा घेतली नाही म्हणून कंपनीने त्यांना एक इलेक्ट्रिक प्रेशर कुकर भेट दिला होता. गुळगुळीत, पोटवाला, पुढे चौदा बटणं. तो दीड वर्ष कपाटावर खोक्यातच बसून होता, कारण आईने त्याला ओट्यावर जागा द्यायला साफ नकार दिला होता. "त्याच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही," आईचं म्हणणं. "मी दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या पोटात काय चाललंय तेच बघते. घरी तरी नको."

आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. रक्ताच्या बाटल्यांवर चिकटवायच्या पांढऱ्या पट्ट्या तिच्या पर्समध्ये कायम असत, आणि घरातल्या साखरेच्या डब्यापासून बाबांच्या चपलांपर्यंत सगळ्यावर तारीख आणि क्रमांक असे.

बाबांनी शिडी लावून कुकर खाली उतरवला. तान्ह्या बाळाला उतरवतात तसा. माहितीपुस्तिका चौदा भाषांत होती. आपली त्यात नव्हती. बाबांनी शब्दकोश घेतला, पेन्सिलीला टोक केलं आणि रविवारची सकाळ पुस्तिकेत घालवली. पान सत्तावीसवर ते थबकले.

"ऐका. स्वयंपाक झाल्यावर यंत्र स्वतःहून पदार्थ गरम ठेवतं. आपण काही करायचं नाही. काय पण डोकं चालवलंय बनवणाऱ्याने."

"मग अंडी किती वेळ ठेवायची?" पुटपुटने विचारलं.

"ते अजून आलं नाही. आधी सुरक्षिततेचे सव्वीस नियम आहेत."

ते सव्वीस नियम पाळण्यात एक गोष्ट राहून गेली. नियम नऊप्रमाणे बाबांनी झाकणाची रबरी रिंग काढून स्वच्छ धुतली आणि गॅलरीत दोरीवर, मोज्यांच्या शेजारी, चिमटा लावून वाळत घातली. नियम दहाप्रमाणे झाकण बसवलं. रिंग दोरीवरच राहिली.

दहा मिनिटांनी झाकणाच्या चहूबाजूंनी वाफ सुटली. ओटा दिसेना, खिडकी दिसेना, बाबा दिसेनात. नुसता त्यांचा आवाज येत होता, "घाबरू नका, हे पान बारावर आहे." आईने बटण बंद केलं. तेवढ्यात दार वाजलं.

दारात वरच्या मजल्यावरचे बॉयलरकाका. हे गृहस्थ चौतीस वर्षं कारखान्यांतले बॉयलर तपासत आले होते आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना तपासायला काही म्हणता काही उरलं नव्हतं. इमारतीतले गिझर त्यांनी दोन-दोनदा तपासले होते. आता लोक त्यांना बघून गिझर बंद करायचे. आज मात्र ते बनियनवर आणि गळ्यात दोरी लावलेला चष्मा अडकवून धावत आले होते.

"वाफ सुटल्याचा आवाज आला," ते म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "गास्केट कुठाय?"

"मोज्यांजवळ," आई म्हणाली.

काकांनी कुकरभोवती एक संथ प्रदक्षिणा घातली. झाकण उचलून नाकाशी धरलं. व्हॉल्व्हवर टिचकी मारली. मग ते खुर्चीत बसले आणि आजोबांनी नातीला सांगावं तसं म्हणाले, "बेटा, दाबाखालचं भांडं म्हणजे खेळणं नव्हे. नोंदवही कुठाय तुझी?"

"अंड्यांची नोंदवही?"

"बॉयलरला नोंदवही नसेल तर तो बॉयलर नाही, तो अपघात आहे."

झालं. नोंदवही आली. 'वेळ, पाणी, दाब, शेरा' असे रकाने आखले गेले. शेऱ्याच्या रकान्यात काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'गास्केटअभावी गळती. जीवितहानी नाही.'

सोमवारी दुसरा प्रयोग. रिंग बसवली होती, पण अंड्यांखालची तारेची जाळी घालायची राहिली. अंडी तळाशी थडाथड आपटली आणि सहापैकी पाच तडकली. आतलं पांढरं बाहेर येऊन त्यांना दाढ्या फुटल्या. सहावं शाबूत निघालं, ते फ्रिजमधल्या कच्च्या अंड्यांत ठेवलं गेलं आणि कुठलं ते कुणालाच ओळखता येईना. म्हणून आईने पर्समधल्या पट्ट्या काढल्या. मंगळवारपासून प्रत्येक अंड्यावर क्रमांक, तारीख आणि 'नमुना' असं लिहिलेलं असे. सवयीने एकदा आईचा हात थांबेना तेव्हा अकरा नंबरच्या अंड्यावर तिने 'उपाशीपोटी' असंही लिहिलं.

समोरच्या काकू ही दुसरी आघाडी. त्यांच्या घरी अंडं शिजत नव्हतं, पण त्यामुळे त्यांचं मत अगदी निःपक्षपाती होतं. "टाचणीने भोक पाड." पाडलं, अंडं गळलं. "पाण्यात मूठभर मीठ टाक." टाकलं, कुकरच्या तळाला पांढरे डाग पडले आणि बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. "बारा मिनिटं ठेव, पोरी. कच्चं राहण्यापेक्षा जास्त झालेलं बरं." ठेवलं, आणि बलक थेट कॅन्टीनसारखा निघाला. हिरवा पट्टा आणि वर गटारीसारखा वास.

पुटपुट त्या अंड्याकडे बघत बसली. "मी माफीचं भाषण लिहायला घेऊ का?"

"नको," आई म्हणाली. "आधी नोंदवही बघ. बारा मिनिटांना असं झालं. मग कमी कर. आम्ही लॅबमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदलतो."

दीड वर्ष ज्या यंत्राकडे बघायलाही आई तयार नव्हती, त्याच्यासमोर ती आता हातात घड्याळ घेऊन उभी होती. बाबांनी हे पाहिलं. शहाणपणाने फक्त पुस्तिका तिच्या हाताशी सरकवून ठेवली.

आठ मिनिटं. सहा मिनिटं. वाफ लगेच सोडून, वाफ न सोडता, थंड पाण्यात, नळाखाली. घरात तीनही वेळा अंडी. बाबांच्या डब्यात अंडी. बाबांच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या डब्यातही अंडी. बॉयलरकाका रोज दोन 'तपासणीसाठी' घेऊन जात आणि रिकाम्या हाताने परत येत.

गुरुवारी संध्याकाळी गुपित सापडलं. खाली एक वाटी पाणी, मध्ये जाळी, वर अंडी. दाब चढल्यावर पाच मिनिटं. मग वाफ तशीच कोंडून पाच मिनिटं. मग उरलेली वाफ सोडून बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटं. पाच, पाच, पाच. सदतीस नंबरचं अंडं पुटपुटने ओट्यावर टेकवलं, तळव्याखाली फिरवलं आणि एक टोक ओढलं. टरफल टोपी काढावी तसं दोन तुकड्यांत निघून आलं. मधोमध कापलं, तर आत बलक पिवळा, कडेपर्यंत पिवळा.

आईने ते अर्धं अंडं उभ्या-उभ्याच तोंडात टाकलं, चावलं आणि म्हणाली, "मीठ आण."

आईच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक त्या घरात कुणी ऐकलेलं नव्हतं.

*

शुक्रवारी पुटपुट कुकर शाळेत आणायची परवानगी काढायला गेली. तिला वाटलं होतं, की अवघड भाग संपला. याचा अर्थ ती हेडक्लार्कसाहेबांना ओळखत नव्हती.

हेडक्लार्कसाहेबांच्या टेबलावर चार ट्रे होते: आलेलं, गेलेलं, थांबलेलं आणि नुसतंच. त्यांनी तिचा अर्ज वाचला आणि 'नुसतंच' मध्ये ठेवला.

"अंडी हे खाद्य आहे की प्रयोगसाहित्य?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"खाद्य असेल तर आरोग्य खात्याचा दाखला लागेल. प्रयोगसाहित्य असेल तर दाखला नको, पण प्रयोगसाहित्य खाता येत नाही. नियम आहे."

"पण मोठ्या बाई खाणार आहेत ते."

साहेब विचारात पडले. प्रामाणिकपणे पडले, हा माणूस दुष्ट नव्हता, त्याला फक्त रकाना लागत असे. शेवटी त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'प्रयोगसाहित्य (खाण्यायोग्य)', आणि स्वतःच्याच अक्षराकडे कौतुकाने बघितलं. "आता उपकरण सुरक्षित असल्याचं अधिकृत तपासनिसाचं पत्र आण."

हे पत्र आणायला पुटपुटला फक्त एक जिना चढावा लागला. बॉयलरकाकांनी सदरा घातला, ट्रंकेतून जुना शिक्का काढला, त्याच्यावर फुंकर घातली आणि एका सव्वा वितीच्या कुकरला एका वर्षासाठी कारखान्यात वापरण्याचा परवाना देऊन टाकला. "उद्या मी स्वतः हजर राहतो," ते म्हणाले. "पहिल्या वाफेला तपासनीस लागतोच."

शनिवारी सकाळी नऊ वाजता शाळेच्या प्रयोगशाळेत कुकर, चाळीस अंडी, पुटपुट, काका आणि बाबा दाखल झाले. बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. वीस वर्षांतली पहिली. ज्या बक्षिसासाठी रजा घेतली नाही, त्याच बक्षिसासाठी ती घ्यावी लागली, हे त्यांनी गाडीत तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा स्वतःच हसले.

कुकरमध्ये एका वेळी वीसच बसत. पहिली वीस लागली. दाब चढत होता, एवढ्यात शिपाईकाका आले. "साहेबांनी बोलावलंय. हमीपत्रावर सही राहिलीय."

"दोन मिनिटांत येते," पुटपुट बाबांना म्हणाली. "पाच झाली की पाच थांबा, मग वाफ सोडा."

"तू जा. पान सत्तावीस आहे ना," बाबा म्हणाले. तिने ते नीट ऐकलं नाही.

हमीपत्र तीन प्रतींत होतं. तिसरी प्रत सापडत नव्हती. सापडली तेव्हा शाई उमटेना. मग सही पालकाची हवी निघाली, म्हणून बाबांना बोलावलं. मग साक्षीदार हवा, म्हणून काकांना. काकांना शिक्का मारू का असं विचारायचा मोह झाला आणि हेडक्लार्कसाहेबांना तो शिक्का हातात घेऊन बघायचा मोह झाला. दोघे एकमेकांना जन्माचे सापडले. परत यायला दहा वाजून पाच मिनिटं झाली.

प्रयोगशाळेत कुकर शांतपणे, आज्ञाधारकपणे, वीसही अंडी गरम ठेवत बसला होता.

पुटपुटने एक फोडलं. हिरवं. दुसरं फोडलं. आणखी हिरवं.

"पण त्याने स्वतःहून गरम ठेवली," बाबा हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा वर्गात उभं केलेल्या मुलासारखा झाला होता.

रडायला वेळ नव्हता. पुटपुटने वीसही अंडी मोठ्या डब्यात कोंबली, झाकण लावलं आणि डबा दप्तरात, भूगोलाच्या वहीखाली ढकलला. उरलेली वीस लावली. मग आठवलं, की बर्फ राहिला. घरून आणलेला बर्फ एव्हाना बादलीत नुसतं पाणी होऊन बसला होता. आणि शाळेत बर्फ असणारी जागा एकच.

कॅन्टीनच्या दारात तिचे पाय अडखळले. नेहमीचा मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. "मावशी," ती कॉलरशीच म्हणाली, "थोडा बर्फ मिळेल का?"

मावशींनी वर बघितलं. फ्रिजरमधून लादी काढली, पोत्यात गुंडाळून वरून लाटण्याचे दोन घाव घातले आणि बादली भरून दिली. "बारीक खडे घे," त्या म्हणाल्या. "मोठ्या खड्याने अंडं तडकतं."

साडेदहाला घंटा झाली. आख्खी शाळा हॉलमध्ये लोटली. स्टेजवर पुटपुट, टेबल आणि बर्फाच्या पाण्यात वीस अंडी.

"चाळीस म्हणाली होतीस," मोठ्या बाईंनी आठवण करून दिली.

पुटपुटने पायाने दप्तर टेबलाखाली सरकवलं. हेडक्लार्कसाहेब खालून उठून उभे राहिले. "प्रयोगसाहित्यात पन्नास टक्के नासधूस धरायची पद्धत आहे, बाई," ते म्हणाले आणि बसले.

तिने एक अंडं उचललं. टेकवलं, फिरवलं, ओढलं. टरफल एका ओढीत. सुरीने दोन भाग केले आणि वर धरले. पिवळा बलक पार मागच्या रांगेपर्यंत दिसला. लंबू बाकावर चढून टाळ्या वाजवू लागली. काका स्टेजच्या कडेला उभे राहून नोंदवहीत लिहीत होते. मोठ्या बाईंनी अर्धं अंडं खाल्लं, रुमालाने ओठ टिपले आणि माइक ओढला.

"जिंकलीस. शाळा तुझं ऐकते आहे. कॅन्टीनमध्ये अशी अंडी होत नसतील तर वाईट अंडी मुलांना नकोत. सोमवारपासून कॅन्टीनमध्ये अंडी बंद. त्याऐवजी बिस्किटं."

टाळ्या अर्ध्यात विझल्या. आपण बिस्किटांसाठी टाळ्या वाजवत होतो हे सहाशे मुलांच्या एकदमच ध्यानात आलं. मागच्या दारात मावशी होत्या. आज त्यांच्या हातात फडकंही नव्हतं.

*

हॉल रिकामा झाल्यावर पुटपुट बादली परत द्यायला गेली. मावशी मोठ्या पातेल्यावरचं झाकण काढत होत्या. आजची अंडी, शंभरेक, गरम पाण्यात.

"छान झाली तुझी," मावशी म्हणाल्या. यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"मावशी, तुम्ही किती वेळ उकडता?"

"दहा मिनिटं."

"मग हिरवी का होतात?"

मावशींनी लाटण्याने भिंतीकडे खूण केली. तिथे पाटी होती: 'विद्यार्थ्यांना सर्व पदार्थ गरमच द्यावेत. आदेशावरून.' खाली मोठ्या बाईंची सही. "शेगडी एकच. आठनंतर ती शिक्षकांच्या चहाला लागते. म्हणून मी साडेसातला उकडते. सुट्टी साडेदहाला. मधले तीन तास गरम पाण्यात ठेवायची, पाटी आहे ना. तुझी अंडी बर्फातून निघाली आणि दोन मिनिटांत बाईंच्या तोंडात गेली. माझी तीन तास उभी असतात, पोरी."

"हे तुम्ही बाईंना सांगितलं नाही?"

"मला कोणी विचारलं?"

पुटपुटने दप्तर उघडलं, भूगोलाची वही बाजूला केली आणि डबा काढून मावशींसमोर उघडला.

मावशींनी एक अंडं उचललं, हातानेच दोन भाग केले, आणि बघत राहिल्या. मग त्यांच्या पोटातून हसू वर येत गेलं, आधी खांदे हलले, मग पदर तोंडाला गेला.

"तुझं मशीनसुद्धा पाटी वाचतं वाटतं," त्या म्हणाल्या.

दोघींनी मिळून त्यातली दोन अंडी मीठ लावून खाल्ली. वास सोडला तर ती काही तितकी वाईट नव्हती.

घरी सण असल्यासारखं वातावरण होतं. बाबांनी कुकर पुसून ओट्यावर ठेवला होता आणि, नवल म्हणजे, आईने त्याच्यासाठी मिक्सर हलवला होता. काका नोंदवहीत शेवटचा शेरा लिहीत होते, 'चाचणी यशस्वी', आणि समोरच्या काकू त्यांना सांगत होत्या, की मीठ त्यांनीच सुचवलं होतं.

"आलीस?" बाबा म्हणाले. "ऑफिसात फोन करून सांगितलं मी. सगळ्यांना. रजेचं कारण म्हणून."

पुटपुटने डबा टेबलावर ठेवला. त्यातली अठरा अंडी सगळ्यांनी बघितली. काकांचं पेन थांबलं. पाटी, शेगडी, साडेसात आणि साडेदहा, तिने सगळं एका दमात सांगून टाकलं.

"पण बाईंनी तुला विजयी म्हटलं," बाबा म्हणाले. "पन्नास टक्के नासधूस तर नियमात बसते."

"तुझी अंडी चांगली झाली हे काही खोटं नाही," आई सावकाश म्हणाली. "माफी हरणाऱ्याने मागायची होती. तू तर जिंकलीस."

"अर्धीच जिंकले, आई. हरलेली अर्धी दप्तरात लपवली होती." आता तिचा आवाज परत आला होता, पण वाढवून ठेवलेला नव्हता. "मी ठरवलंय. सोमवारी प्रार्थनेनंतर मी स्टेजवर जाणार आणि मावशींची माफी मागणार. सगळ्यांसमोर. पण गरम ठेवल्यानेच अंडी हिरवी होतात, हे नुसतं सांगून मोठ्या बाईंना पटायचं नाही. म्हणून कुकर परत शाळेत न्यायचा. बाबा, तुम्ही अजून अर्धी रजा टाका, आणि काका, तुम्ही शिक्का घेऊन या. वीस अंडी लावायची, पाच मिनिटांनंतर कुणीही हात लावायचा नाही, आणि मोठ्या बाईंच्या डोळ्यांसमोर ती मी मुद्दाम हिरवी करून दाखवणार आहे."